मोरिता-सानचे चोपन्न मार्क

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला निबंधलेखन शिकवायचं काम कुणालाच नको असतं. हे मी पुण्यातही पाहिलं आणि जपानातही. विषय सगळ्यांना सक्तीचा, म्हणून विद्यार्थी नाराज. दर आठवड्याला चाळीस निबंध तपासायचे, म्हणून शिकवणारा नाराज. मोठे प्राध्यापक यातून हळूच अंग काढून घेतात आणि काम उतरत उतरत येतं ते एम.ए., पीएच.डी. करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या अंगावर. म्हणजे जिला स्वतःच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण धड जमत नाहीये, तिने अठरा वर्षांच्या मुलांना लिहायचं कसं ते सांगायचं. नव्वदच्या दशकात नागोयातल्या एका विद्यापीठात मी हे काम एक वर्ष केलं. पुढे पुण्याला परतून निवृत्त होईपर्यंत इंग्रजीच शिकवलं, पण त्या एका वर्षात जेवढी गोंधळले तेवढी बाकीच्या सगळ्या वर्षांत मिळून गोंधळले नाही. तो गोंधळ अजून पुरता निस्तरलाय असंही नाही.

नागोयाला गेले ती नवऱ्यामागून. श्रीकांत मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर, त्याची तिकडे तीन वर्षांसाठी बदली झालेली. पहिले सहा महिने कोणत्या वारी कोणता कचरा बाहेर ठेवायचा हे पाठ करण्यात गेले. ते एकदा पाठ झालं आणि मग घर खायला उठलं, तेव्हा विद्यापीठात नाव घातलं. लग्नाआधी मी पुण्यात दोन वर्षं कॉलेजात शिकवलं होतं. हे माझे मार्गदर्शक कुनो सेन्सेइ, म्हणजे कुनो सर, यांना समजलं आणि एप्रिलमध्ये, म्हणजे तिकडचं शैक्षणिक वर्ष सुरू होताना, सोमवारचा सकाळी नऊचा तास माझ्या गळ्यात पडला. कुनो सेन्सेइ अतिशय सज्जन, साठीचे गृहस्थ. ते कधी 'नाही' म्हणत नसत. ते खिडकीबाहेर बघत. मला वाटायचं, बाहेर काहीतरी आहे.

पहिल्या तासाला मी तयारीनिशी गेले. पुण्यात वर्ग गप्प बसवण्यात अर्धा तास जायचा, इथे मी आत पाऊल टाकलं आणि टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. मी खूश. मग एका मुलाला सोपा प्रश्न विचारला, "तुम्हाला शहर आवडतं की खेडं?" तो उठला, खाली बसला, शेजाऱ्याशी कुजबुजला, शेजारी मागच्याशी कुजबुजला, आणि मिनिटभराने उत्तर आलं, "खेडं." मी म्हटलं, का? पुन्हा तीच बैठक. चाळीसजणांना हा प्रश्न विचारायचा म्हटलं असतं तर उन्हाळ्याची सुट्टी लागली असती. तोंडी परीक्षेत शेजाऱ्याला विचारणं म्हणजे आमच्याकडे कॉपी. इथे ती रीत होती. अडवू की चालू देऊ, हे मला वर्ष संपेपर्यंत ठरवता आलं नाही.

निबंधांचं त्याहून वेगळं. इंग्रजी निबंध शिकवायचा म्हणजे पहिली गोष्ट सांगायची ती ही, की तुमचं म्हणणं पहिल्या वाक्यात सांगा, मग त्याची कारणं द्या, शेवटी पुन्हा म्हणणं सांगा. माझी मुलं हवामानापासून सुरुवात करत. मग आजोबा येत, मग आजोबांचं कुत्रं, आणि अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता, एखादं मत दिसल्यासारखं वाटे. मी लाल पेनाने लिहून लिहून थकले, "मुद्दा आधी!" एकदा एक मुलगी तास संपल्यावर टेबलापाशी आली आणि फार संकोचून म्हणाली, "सेन्सेइ, मुद्दा आधीच सांगितला तर पुढचं कोण वाचेल?" मी म्हटलं, परीक्षेत असंच लिहायचं असतं. शिक्षक निरुत्तर झाला की परीक्षेच्या आड लपतो, मीही लपले.

कारणांचं हे वेड माझ्यात इंग्रजीतून आलं असं नाही. आपलं पत्रच मुळी 'पत्रास कारण की' असं सुरू व्हायचं. शाळेला दांडी मारली की वडिलांच्या सहीची चिठ्ठी, तिच्यात कारण. कारण दिलं की माणूस निम्मा सुटला, आणि कारण चांगलं असेल तर पूर्ण सुटला. मी या संस्कारात वाढलेली. मोरिता-सानशी माझी गाठ पडली ती हे सगळं सोबत घेऊन.

'सान' हे तिकडे कुणाच्याही नावाला आदराने जोडतात. मोरिता-सान पहिल्या वर्षाचा नव्हता. चौथ्या वर्षाचा होता. पहिल्या वर्षी या विषयात गटांगळी खाल्लेली, ती निस्तरायला पोरासोरांबरोबर शेवटच्या बाकावर येऊन बसायचा. उंच, खांदे पाडून चालणारा, बोटांच्या पेरांत कसलासा काळपटपणा. मी समजले, मोटरसायकलचा शौक असेल. त्याच्याबद्दल वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. तिकडे कंपन्या मुलांना शेवटच्या वर्षीच निवडून ठेवतात आणि सगळी भरती एकाच दिवशी, एप्रिलच्या पहिल्या तारखेला आत घेतात. मार्चमध्ये पदवी हातात नसेल तर ती निवड रद्द. पुढच्या वर्षी तुम्ही नव्या मुलांच्या रांगेत नसता, जुने झालेले असता. त्यात ती मंदीची वर्षं. मोरिता-सानला एका मोठ्या कंपनीने निवडलं होतं आणि त्याच्या पदवीत एकाच विषयाची खोट होती. माझ्या.

आणि हा बाबा सोमवारी येतच नसे. आला तर पावणेदहाला, घाम पुसत. घरी लिहायचे निबंध तर देतच नव्हता. जूनमध्ये मी त्याला थांबवलं.

"मोरिता-सान, तुम्ही का येत नाही ते मला लिहून द्या."

"हो, सेन्सेइ," तो म्हणाला आणि कमरेत वाकला.

पुढच्या सोमवारी त्याने टाइप केलेलं पान आणून दिलं. इंग्रजीत. 'मी फार दिलगीर आहे. माझं मन ढिलं पडलं. मी सेन्सेइंचा आणि वर्गाचा अपराध केला आहे. यापुढे मन घट्ट करीन.' अख्खं पान हेच. कारण कुठेच नाही. मी खाली लाल पेनाने लिहिलं, 'कारण?' आणि परत केलं. पुढच्या वेळी दीड पान आलं. मन आणखी ढिलं पडलं होतं, अपराध आणखी मोठा झाला होता. कारण नाहीच. मी पुन्हा परत केलं. दोन पानं आली. गंमत म्हणजे या पत्रांमुळे त्याचं इंग्रजी सुधारत चाललं होतं. 'ढिलं' या एका गोष्टीसाठी त्याने पाच वेगवेगळे शब्द शोधून काढले होते. नोव्हेंबरपर्यंत अशी नऊ पत्रं जमली आणि निबंध एकही नाही.

माझ्याच खोलीत बसणारी उएदा-सान नावाची मुलगी होती, तीही पीएच.डी. करत होती आणि तिच्याकडेही असाच एक वर्ग होता. तिला मी ती पत्रं दाखवली.

"ही हान्सेइबुन आहेत," ती म्हणाली. "चुकीबद्दल आत्मपरीक्षण करून लिहितात ते. शाळेपासून लिहायला लावतात आम्हाला. चांगली लिहिली आहेत."

"अहो, पण कारण कुठे आहे?"

"कारण लिहिलं तर ती सबब होईल ना."

"मग शिक्षकाला समजणार कसं?"

उएदा-सानने थोडा विचार केला. "समजतं," ती म्हणाली.

मी घरी येऊन श्रीकांतला सांगितलं. तो हसायला लागला. "अगं, आमच्या कारखान्यात एक बोल्ट ढिला निघाला तर 'का' हा प्रश्न पाच वेळा विचारतात. भिंतीवर लिहून ठेवलंय."

"बोल्टला पाच वेळा, आणि माणसाला एकदाही नाही?"

"माणसाला कशाला विचारतील? बोल्टला वाईट वाटत नाही," श्रीकांत म्हणाला आणि जेवायला लागला. त्याला यात काही अवघड वाटलंच नाही.

मी काही दगड नव्हते. डिसेंबरमध्ये मोरिता-सानला बोलावून सांगितलं, "हजेरी सोडली, घरचे निबंध सोडले. जानेवारीत शेवटची परीक्षा आहे, एकच निबंध. त्यात साठ मिळवा, मी पास करते." तो इतका खाली वाकला की मला त्याची मान दिसली. त्या आठवड्यात कुनो सेन्सेइ भेटले. चहा पिता पिता खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मोरिताला नोकरी मिळाली आहे म्हणे, एप्रिलपासून."

"वा, छानच झालं!" मी म्हटलं.

"हं," ते म्हणाले, आणि आणखी काही वेळ बाहेर बघत राहिले.

आता माझ्या एका अभिमानाबद्दल सांगते. पुण्यात आम्ही उत्तरपत्रिका तपासायचो त्या कोपरा दुमडून चिकटवलेल्या. नाव नाही, गाव नाही. कोण कुणाचा भाचा हे तपासणाऱ्याला समजता कामा नये. नागोयात ही पद्धत नव्हती. मी ती सुरू केली. जानेवारीत परीक्षेच्या दिवशी सगळ्यांना नावाचा कोपरा दुमडायला लावला आणि स्टेपलर घेऊन बाकाबाकांतून स्वतः फिरले. मुलं गोंधळून एकमेकांकडे बघत होती. मला मात्र वाटलं, आपण या विद्यापीठाला काहीतरी देऊन जातोय.

विषय मी दिला होता, 'तुम्ही रोज करता ती एक गोष्ट, आणि ती का करता'. नेहमीप्रमाणे आजोबा आले, कुत्री आली. विसाव्या की बाविसाव्या पेपरात यंत्र आलं. लिहिणारा पहाटे एक लेथ चालू करतो. थंडीत तेल घट्ट असतं, म्हणून यंत्र दहा मिनिटं नुसतंच फिरू द्यावं लागतं. पहिले तीन तुकडे टाकून द्यायचे, ते कधीच बरोबर येत नाहीत. चौथा तुकडा वडिलांना दाखवायचा. वडील स्टुलावर बसलेले असतात. त्यांचा उजवा हात खिशात असतो. ते तुकडा डाव्या हाताने उजेडात धरतात आणि मान हलवतात. मग दोनशे तुकडे होईपर्यंत कुणी बोलत नाही. तुकडे पेटीत भरून साडेआठला मोठ्या कारखान्याच्या दारात पोचवायचे. 'मग मी हात धुतो. काळं पूर्ण जात नाही. मग मी स्टेशनकडे पळतो.' तिथे निबंध संपला होता.

मला तो आवडला. हे मी आज पश्चात्तापाने म्हणत नाही, तेव्हाही आवडला होता. पण विषयात 'का' विचारलं होतं आणि 'का'बद्दल या निबंधात एक अक्षर नव्हतं. मुद्दा पहिल्या वाक्यात नव्हता, शेवटच्याही नव्हता. मी नियमाप्रमाणे एकेक मार्क कापत गेले. 'उजवा हात खिशात' या ओळीखाली रेघ मारून लिहिलं, 'अनावश्यक तपशील'. शेवटी लिहिलं, 'वर्णन छान, पण तुम्ही हे करता का?' आणि चोपन्न दिले.

सगळे पेपर झाल्यावर पिना काढल्या. कोपरा उलगडला आणि खाली मोरिता-सानचं नाव. पुन्हा वाचला. सोमवारच्या पावणेदहाचा अर्थ आता लागला, बोटांचाही लागला. घरचं काम करत होता तर. पण मग ते त्याने एप्रिलपासून एकदाही सांगितलं कसं नाही? नऊ पत्रांत एक ओळ लिहायची होती. आणि कितीतरी मुलं घरच्या धंद्याला हात लावतात, अभ्यास करूनच लावतात. आता नाव बघून चोपन्नाचे साठ केले तर इतक्या पिना मारल्या कशाला? पुण्यात असं करणाऱ्याला आम्ही काय म्हणायचो ते मला चांगलं ठाऊक होतं. मी यादीत एकोणतिसाव्या ओळीवर चोपन्न लिहिलं, तिकडच्या रीतीने सहीऐवजी माझ्या नावाचा शिक्का उठवला आणि यादी ऑफिसात दिली.

दोन दिवसांनी ऑफिसातल्या हात्तोरी-सान यांचा फोन आला. पन्नाशीच्या बाई, विभागाची सगळी सूत्रं त्यांच्या हातात. "तुमच्या यादीतली एकोणतिसावी ओळ. हे असंच आहे का?"

"थांबा हं, बेरीज पाहते," मी म्हटलं. पाहिली. "बरोबर आहे."

"अस्सं," त्या म्हणाल्या.

बुधवारी पुन्हा फोन. "यादी शुक्रवारी पाचपर्यंत माझ्याकडेच असते. सवड झाली तर येऊन एकदा नजर टाकाल का?" मी गेले. त्यांनी टेबलावर माझी यादी मांडली, शेजारी मार्कांच्या दुरुस्तीचा एक कोरा फॉर्म ठेवला, त्यावर पेन ठेवलं, आणि "चहा आणते" म्हणून आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. मी चाळीसच्या चाळीस ओळी पडताळून पाहिल्या. एकही चूक नव्हती. त्या आल्यावर मी अभिमानाने यादी पुढे केली आणि कोरा फॉर्म वापरला गेला नाही म्हणून व्यवस्थित परत केला. हात्तोरी-सान यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मग चहा पुढे केला.

शुक्रवारी पावणेपाचला तिसरा फोन. "हेच नक्की ना?"

"नक्की," मी म्हटलं. आणि घरी जाऊन श्रीकांतला सांगितलं, "इथल्या ऑफिसला माझ्या बेरजेवर काडीचा भरवसा नाही."

सोमवारी मी उएदा-सानला या तीन फोनांची गोष्ट गमतीने सांगायला घेतली. ती हसली नाही. "पेपर आहे का तुमच्याकडे?" तिने विचारलं. मी दिला. तिने सावकाश वाचला आणि 'अनावश्यक तपशील' असं लिहिलं होतं तिथे बोट ठेवलं.

"वडिलांचा हात गेलाय, सेन्सेइ. अर्धांगवायू झाला असणार. म्हणून तुकडे हा करतोय. मोठा कारखाना थांबत नाही, एकदा माल चुकला की काम दुसरीकडे जातं."

"हे लिहिलंय कुठे?"

"हे काय, खिशात."

मी पेपर तिच्या हातातून घेतला आणि ती ओळ पुन्हा वाचली. "मग त्या हात्तोरी-सान यांनी मला सरळ सांगायचं ना, की बाई, मार्क वाढवा!"

"तसं त्या कसं सांगतील? मार्क तुमचे," उएदा-सान म्हणाली. "त्यांनी तीनदा विचारलं. तीनदा कुणी विचारत नाही."

मी धावत ऑफिसात गेले. हात्तोरी-सान उठून उभ्या राहिल्या. यादी शुक्रवारी पाचला वर गेली होती, प्राध्यापकांच्या सभेपुढे ठेवून झाली होती. आता परत येत नाही, म्हणाल्या, आणि माझी माफी मागितली. त्यांनी, माझी! कुनो सेन्सेइंकडे गेले. त्यांनी मोरिता-सानचा निबंध वाचला, घडी नीट करून मला परत दिला आणि खिडकीबाहेर बघायला लागले. या वेळी मीही बघितलं. बाहेर सायकलींची शेड होती, बाकी काही नव्हतं.

मार्चच्या सुरुवातीला मोरिता-सान मला भेटायला आला. दार वाजवून, वाकून, पुन्हा वाकून. हातात मिठाईचा खोका. निवड रद्द झाल्याचं पत्र आलं होतं, हे त्याने एका वाक्यात सांगितलं. हा विषय पुढच्या वर्षी पुन्हा घेणार होता, तोवर घरचं काम होतंच. "वर्षभर सेन्सेइंना त्रास दिला," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान मला ठाऊक असलेल्या ठिकाणी मी उभी असते.

"मोरिता-सान," मी म्हटलं, "तुम्ही मला सांगितलं का नाही? एक ओळ पुरली असती."

त्याने बाजूला पाहिलं. या वेळी शेजारी विचारायला कुणी नव्हतं. "सांगितलं असतं," तो शेवटी म्हणाला, "तर सेन्सेइंना पास करावंच लागलं असतं."

मला रडू यायला लागलं आणि मी बोलायला लागले. बोलतच सुटले. पुण्यात कोपरे का चिकटवतात ते सांगितलं. नाव माहीत नव्हतं हे सांगितलं. विषयात 'का' विचारलं होतं, त्याचे मार्क वेगळे होते, हे सांगितलं. तीन फोनांचा अर्थ मला कसा लागला नाही, आमच्याकडे ऑफिसातून फोन आला तर तो बेरजेबद्दलच असतो, हेही सांगितलं. इंग्रजी, मोडकी जपानी, मध्येच मराठी. तो खोका धरून उभा होता आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. माझं संपल्यावर त्याने खोका टेबलावर ठेवला, वाकला, आणि दार आवाज न करता लावून घेऊन गेला.

दार लागलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. पंधरा मिनिटांत मी सगळं सांगितलं होतं, फक्त 'चुकलं' म्हटलं नव्हतं. कॉरिडॉरमध्ये धावले, जिना उतरले, फाटकापर्यंत गेले. तो दिसला नाही. त्यानंतर महिन्याभरात श्रीकांतची बदली संपली आणि आम्ही परत आलो. पुढच्या वर्षी तो उएदा-सानच्या वर्गात बसला आणि पास झाला, एवढं तिच्या पत्रातून समजलं. कसे मार्क पडले ते तिने लिहिलं नाही, मीही विचारलं नाही. मोरिता-सानला पत्र लिहायला मी दोन-तीनदा बसले होते. प्रत्येक वेळी पहिल्याच ओळीत 'कारण' यायचं, आणि कागद फाडून टाकायचे.

हा लेख पुरा करून आज एकदा वाचून पाहिला. यातही मी पानामागून पान कारणंच सांगत बसले आहे. मोरिता-सान, माझं चुकलं.